लोखंडी पट्ट्यांची गाडी

वाचकहो, बैलगाडीचं चाक चिखलात रुतलं तर आपण काय करतो? चाकाखाली दगड घालतो. फांद्या घालतो. चाकाला टेकायला जागा मिळते आणि गाडी निघते.

आता असं समजा, की गाडीनंच आपल्या चाकांपुढे फळ्या अंथरल्या. त्यांवरून ती पुढे गेली. मागे राहिलेल्या फळ्या उचलून तिनं पुन्हा पुढे टाकल्या. मग ती गाडी कशाला रुतेल?

पट्ट्यांची गाडी अशीच चालते. लोखंडी कड्या एकीला एक जोडून लांब पट्टा करतात. तो चाकांभोवती गुंडाळतात. डाव्या बाजूला एक पट्टा, उजव्या बाजूला एक. चाकं पट्ट्यावर फिरतात. पट्टा जमिनीवर पसरतो. म्हणजे गाडी आपला रस्ता आपल्याबरोबर घेऊन हिंडते. धरणाच्या किंवा तलावाच्या कामावर तुम्ही बुलडोझर पाहिला असेल. त्याला असेच पट्टे असतात. रणगाड्यालाही असतात.

आज आपण अशाच एका लहान लष्करी गाडीची माहिती घेऊ. तिचं नाव युनिव्हर्सल कॅरियर. तिच्यावर ब्रेन नावाची मशीनगन बसवीत. म्हणून शिपाई तिला ब्रेन कॅरियर म्हणत.

गाडी कशी होती?

ही गाडी इंग्लंडात निघाली. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे 1939 ते 1945 या काळात, ती फार वापरली गेली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया इथेही तिचे कारखाने होते. सगळ्या मिळून एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या.

गाडीची लांबी सुमारे 12 फूट. उंची सुमारे 5 फूट. वजन पावणेचार टनांच्या आसपास. वरून ती उघडी असे. छप्पर नाही आणि दारही नाही. बाजूच्या पत्र्यावरून चढून आत उतरायचं. या पोलादी पत्र्याची जाडी 7 ते 10 मिलिमीटर. बंदुकीची गोळी तो अडवी. तोफेचा गोळा मात्र त्याला अडवता येत नसे. मधोमध फोर्ड कंपनीचं आठ सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन. त्याची ताकद 85 अश्वशक्ती. गाडी ताशी 48 किलोमीटरपर्यंत पळे.

खडकीचा एक तरुण अधिकारी

हिंदी सैन्यातही या गाड्या होत्या. आपल्या पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्स या पलटणीचं ठाणं आहे. पूल बांधणं, रस्ते करणं, शत्रूनं पुरलेले सुरुंग काढणं, ही या पलटणीची कामं. तिच्यात प्रेमिंद्रसिंग भगत नावाचे एक तरुण अधिकारी होते.

1941 सालच्या जानेवारीचा शेवट. आफ्रिकेत इथिओपिया देशात इटलीचं सैन्य मागे हटत होतं. जाताना त्यानं रस्त्यात सुरुंग पेरले होते. भगत सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये बसले. चार दिवस ते पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम करीत होते. 55 मैलांच्या वाटेवर त्यांनी सुरुंग पेरलेल्या पंधरा जागा शोधून मोकळ्या करवल्या. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर गेली. बरोबरची माणसं त्यात सापडली. स्फोटानं भगतांच्या एका कानाचा पडदा फाटला. तरी त्यांनी विश्रांती नाकारली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळालं. त्या महायुद्धात हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

भगतांचं नाव इतिहासात राहिलं, ते योग्यच झालं. पण त्या गाड्या हाकणारेही कोणी होतेच. त्यांची नावं आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहेत. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

रणातून रानात

युद्ध संपलं. हजारो गाड्यांचं काय करायचं? पुष्कळ भंगारात गेल्या. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांनी पुष्कळशा विकत घेतल्या. पुढचा पोलादी पत्रा कापून टाकला. मागे साखळी बांधली. गाडी ट्रॅक्टरसारखी ओढकामाला लावली. झुडपं उपटली, ओंडके ओढले. लढाईची गाडी शेतकामाला लागली. पुढे खरे ट्रॅक्टर आले तेव्हा ती झाडाखाली उभी राहिली, ती राहिलीच.

आता हौशी लोक अशा गाड्या शोधून काढतात आणि पुन्हा चालत्या करतात. कामाला कित्येकदा वर्षंच्या वर्षं जातात. ते काम कसं चालतं ते पाहू.

आधी बघा, मग हात लावा

पहिला नियम असा: लष्कराच्या जुन्या गाडीत काहीही सापडू शकतं. काडतूस सापडतं. क्वचित हातबॉम्बही सापडतो. असं काही दिसलं तर हात लावायचा नाही. माणसांना दूर करायचं आणि पोलिसांना कळवायचं. मंडळी, हा नियम आपल्यालाही लागू आहे बरं का! लष्कराच्या सरावाच्या मैदानाजवळ पितळेच्या लोभानं काही उचलू नका. फार वर्षांनीसुद्धा दारूगोळा जिवंत असू शकतो.

दुसरा नियम: प्रत्येक भाग सोडवताना त्याची नोंद ठेवायची. हल्ली मोबाईलवर फोटो काढता येतो. बोल्ट डब्यात घालायचा आणि डब्यावर नाव लिहायचं. "माझ्या लक्षात राहील," असं म्हणायचं नाही. दोन वर्षांनी काही लक्षात राहत नाही. इथे लिहिता येणाऱ्याचाच फायदा होतो.

गंजलेल्या बोल्टाशी भांडू नये. त्याला पातळ तेल पाजावं आणि दोन दिवस थांबावं. मग थोडी ऊब द्यावी. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर आच मुळीच नेऊ नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकरीनं उडवू नये. ती छातीत गेली की आजार देते.

रंग हळूहळू घासला तर खाली जुने रंग लागतात. कधी त्याखाली इंग्रजी 'टी' अक्षर आणि पुढे आकडे दिसतात. तो गाडीचा लष्करी नंबर. तो सापडला की दुरुस्ती करणाराचा शीण जातो. गंजलं लोखंड तेच असतं, पण आता ते कुणाचं तरी असतं.

इंजिन

उभं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर मरतं. विहिरीवर इंजिन वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. वंगण ओघळून खाली जातं. आत ओल शिरते. पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो आणि बारीक भोकं बुजतात.

अशा वेळी थेट हँडल मारायचं नाही. प्लग काढायचे. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडायचं. काही दिवस वाट पाहायची. मग हातानं किंचित फिरवून बघायचं. हललं तर ठीक. नाही हललं तर आणखी तेल आणि आणखी सबुरी. जोर केला तर आतला भाग तुटतो.

या फोर्ड इंजिनाची एक खोड आहे. त्याच्या गरम धुराची वाट इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यातूनच जाते. त्यामुळे पाणी लवकर तापतं. म्हणून रेडिएटर आणि पाण्याचे दोन्ही पंप चोख लागतात. ठोकळ्याला बारीक चीर गेली आहे का, तेही आधी तपासतात.

पट्टा चढवणे

एका बाजूच्या पट्ट्यात दीडशेहून जास्त कड्या असतात. दोन कड्यांमध्ये एक पिन. पट्टा चालतो तशी पिन झिजते आणि कडीचं भोकही झिजतं. एकेका जोडात केसाएवढा फरक पडतो. पण दीडशे जोडांचा फरक मिळून पट्टा लांब होतो. सैल पट्टा वळणावर चाकावरून उतरतो. फार ताणलेला पट्टा लवकर झिजतो. म्हणून तो मापात ताणावा लागतो. ताणायला जागा उरली नाही, की एक कडी काढून टाकतात.

नवा पट्टा जमिनीवर सरळ पसरतात. गाडी हळूच त्यावर घेतात. मग पट्टा चाकांवरून फिरवून दोन्ही टोकं जवळ ओढतात आणि शेवटची पिन ठोकतात. यात बोटाला फार धोका असतो.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शाळेजवळ एक म्हातारे माजी सैनिक राहत. महायुद्धात त्यांनी कॅरियर हाकली होती. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. आम्हाला वाटे, गोळी लागली असेल. एकदा आम्ही विचारलं. ते हसले. म्हणाले, "गोळी कसली गुरुजी! पट्टा चढवत होतो. पिन बसत नव्हती. भोक बरोबर आलं का म्हणून बोट घालून पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी गाडी ढकलली. भोक बघायला सळई असते, बोट नसतं, एवढं मला कळायला दोन बोटं लागली."

आम्ही पुढे मुलांना चरक, मोटर, मळणीयंत्र यांविषयी सांगताना ही गोष्ट न चुकता सांगत असू.

गाडी चालवणे

आता गाडी तयार झाली. चालक उजवीकडे बसतो, बंदूकवाला डावीकडे. तेल बघा, पाणी बघा, पेट्रोल कुठे गळतं का ते बघा. इंजिन सुरू करून त्याला गरम होऊ द्या. मग पहिला गिअर.

बुलडोझरला वळवायला दांडे असतात. या गाडीला मोटारीसारखं गोल चाक आहे. ते थोडं फिरवलं की खालची पुढची चाकजोडी बाजूला सरकते. पट्ट्याला किंचित बाक येतो आणि गाडी हळूच वळते. चाक जास्त फिरवलं की एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. तो पट्टा थांबतो, दुसरा चालू राहतो. गाडी झटकन वळते. म्हणून वेगात असताना चाक एकदम फिरवू नये. पट्टा उतरेल नाहीतर गाडी घसरेल. ओल्या डांबरावर तर लोखंडाला पकडच नसते.

चालकाला आवाजात काही ऐकू येत नाही. जवळचं जमिनीवरचं दिसतही नाही. त्यासाठी एक माणूस बाहेर उभा राहून हातानं खुणा करतो. त्यानं गाडीच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे उभं राहू नये. चालकाला तो दिसेनासा झाला, की चालकानं थांबावं. ब्रिटनमध्ये पट्ट्यांची गाडी रस्त्यावर चालवायला परवान्यावर 'एच' हा वेगळा वर्ग लागतो. हौस असली तरी कायद्यातून सुटका नाही.

हे सगळं कशासाठी?

तुम्ही म्हणाल, लढाईची जुनी गाडी चालू करून काय मिळवायचं? शेत नांगरत नाही, भाडं मिळत नाही.

आम्ही त्या म्हाताऱ्या सैनिकालाच हे विचारलं होतं. परदेशात अशा गाड्या दुरुस्त करतात, असं आम्ही वाचलं होतं. ते त्यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालू केलेली बरी. तिच्यात बसून बघितलं म्हणजे कळेल, पत्रा किती पातळ होता ते."

आम्हाला वाटतं, याहून चांगलं उत्तर नाही. पुस्तकात लढाई मोठी दिसते. पत्र्याला हात लावला की माणूस दिसतो. त्या पत्र्याआड कुणाचा तरी मुलगा बसला होता आणि सुरुंग खालून येत होता. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांची आठवण अशी तरी राहते.

आणखी एक गोष्ट शिकायची आहे. चार टनांची गाडी एका पिनेवर चालते. ती पिन गेली की गाडी उभी. घर, शेत, पंचायत यांचंही असंच आहे. मोठं काम लहान गोष्टींनी अडतं. म्हणून लहान गोष्ट वेळेवर बघावी. आणि बघताना बोट घालू नये, सळई घालावी!

शब्दांचे अर्थ

पट्टा – कड्या जोडून केलेली, चाकांभोवती फिरणारी लोखंडी माळ.
अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजण्याचं माप.
सुरुंग – जमिनीत पुरलेला, दाब पडला की फुटणारा दारूगोळा.
वंगण – यंत्र झिजू नये म्हणून घालतात ते तेल किंवा ग्रीस.

विचार करा आणि सांगा

1. पट्ट्यांची गाडी चिखलात का रुतत नाही?
2. पट्टा कशामुळे लांब होतो? मग काय करतात?
3. तुमच्या घरी कोणतं यंत्र फार दिवस बंद आहे? ते सुरू करण्याआधी तुम्ही काय काय बघाल? पाच ओळी लिहा.
4. तुमच्या गावात कोणी माजी सैनिक असतील तर त्यांना भेटा. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.