गट दोन की तीन?

फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच रिव्ह्यूत माझी दांडी कशी उडाली ते सांगतो. ज्युनियर्सना उपयोगी पडेल.

क्लस्टर अ‍ॅनालिसिस म्हणजे सारख्या गोष्टींचे गट पाडणं. गंमत अशी, की डेटात खरे गट नसले तरी प्रोग्रॅम ते पाडून देतोच! म्हणून तपासणी हवी. सरावाला मी आयरिस फुलांचा डेटा घेतला. फिशरच्या 1936 च्या पेपरमुळे तो प्रसिद्ध झाला. तीन जातींची प्रत्येकी 50 फुलं, त्यांच्या पाकळ्या आणि निदलांची लांबी-रुंदी. जातींची नावं झाकून के-मीन्स चालवलं.

सिल्हूट निर्देशांक आला दोन गटांना 0.68, तीन गटांना 0.55. जास्त तेवढा चांगला. झालं! "सर, दोनच गट," मी ठोकून दिलं.

"कॅलिन्स्की-हॅराबाझ काढलास?"

तिथेच काढला. दोन गटांना 514, तीन गटांना 562. इथेही जास्त तेच चांगलं, म्हणजे तीन!

"सर, सरासरी घेऊ?"

"मग काय अडीच गट पाडणार?"

सगळे हसले. रात्री बसून विचार केला, तेव्हा कळलं की दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. सिल्हूट विचारतो, प्रत्येक फूल शेजारच्या गटापासून किती लांब आहे? सेटोसा जात अगदी वेगळी पडते. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका एकमेकींना खेटून आहेत. त्यांच्यामध्ये रेघ मारली की सिल्हूट घसरणारच. कॅलिन्स्की-हॅराबाझ गटांमधला फरक आणि गटाच्या आतला पसारा यांचं गुणोत्तर बघतो. तिसऱ्या गटाने आतला पसारा बराच कमी होतो, म्हणून तो खूश.

मग नावं उघडली. तीन गट धरले तर 150 पैकी 134 फुलं आपापल्या जातीत बसली. चुकलेली 16 त्या खेटलेल्या दोन जातींचीच. पण खऱ्या कामात अशी नावं हाती नसतात. तेव्हा माझा सल्ला असा :

1. गट कशासाठी हवेत, हे आधी लिहा. निर्देशांक त्यावरून निवडा.
2. थोडा डेटा वगळून पुन्हा पुन्हा चालवा. तेच गट परत येतात का?
3. निर्देशांक भांडले तर लपवू नका.

जातींचा शोध हा माझा हेतू होता, म्हणून मी तीन गट ठेवले. पण रिपोर्टात 0.68 आणि 0.55 हे दोन्ही आकडे छापले. पुढच्या रिव्ह्यूत सरांनी त्याच पानावर सही केली!