व्यसनमुक्ती : रुग्णाच्या संमतीचे महत्त्व

व्यसनाधीनता हा आजार आहे, हा विचार आपल्या भागात रुजविण्याचे श्रेय दोन कार्यांना द्यावे लागेल : डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात स्थापन केलेली ‘परिवर्तन’ संस्था.

तरीही चौकशी कक्षात एक प्रश्न वारंवार येतो : ‘त्यांना न कळत चहातून देता येईल असे औषध आहे का?’ विचारणाऱ्या भगिनींची हतबलता आम्ही जाणतो. परंतु उत्तर ‘नाही’ असेच आहे. डायसल्फिराम हे औषध शरीरात मद्याचे विघटन अर्ध्यावर अडवते. साचलेल्या ॲसिटाल्डिहाइडमुळे उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी प्राणही जातो. शेवटच्या गोळीनंतरही सुमारे २ आठवडे हा धोका राहू शकतो. म्हणून ते रुग्णाच्या माहितीने व संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

दीर्घकाळ रोज मद्यपान करणाऱ्याने ते घरीच एकाएकी थांबविणेही धोक्याचे. पहिल्या २-३ दिवसांत झटके वा भ्रम उद्भवू शकतात. हे दिवस रुग्णालयात काढून पुढे समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग व नियमित पाठपुरावा आवश्यक ठरतो.

रुग्ण पुन्हा घसरला तर? साखर वाढली म्हणून मधुमेही माणसास आपण घराबाहेर काढीत नाही. त्याला दवाखान्यात नेतो. येथेही तेच करावे, ही नम्र विनंती.