खरं बोलणाऱ्या बायकांजवळ बस

सोनू, परवा तू म्हणालीस, "ताई, असं काहीतरी सांग ना, जे वाचून माझंच मला जरा कळेल." यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं तू बरीच वाचली आहेस. मला विचारशील, तर मला घडवलं ते आयुष्याचा हिशेब लपवाछपवी न करता मांडणाऱ्या बायकांनी. म्हणून तुलाही त्यांच्याकडेच पाठवते.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून कर. 1895 साली त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचं जगच उलटंपालटं झालं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मनातला सोवळ्याओवळ्याचा पीळ त्यांनी स्वतः विचार करून हळूहळू सोडवला आणि पुढे आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. वाचताना तू खूप हसशील, कारण स्वतःची फजिती त्या मोकळेपणी सांगतात. पण मध्येच थांब आणि स्वतःला विचार, माझी कुठली मतं मी पारखून घेतली आणि कुठली नुसती घरातून आली?

मग सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' घे. 1990 साली ते आलं, तेव्हा अनेकांनी त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे लेखक पु. ल. देशपांड्यांच्या, घरात डोकवायला म्हणून वाचलं. तू तसं वाचू नकोस. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही करारी बाई नवऱ्याला जितकं कठोरपणे तपासते, तितकंच स्वतःलाही. प्रेम आणि तक्रार एकाच मनात शेजारी शेजारी राहू शकतात, हे मला तिथे कळलं. तू हल्ली प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणतेस. त्यातलं किती प्रेमाने आणि किती वाद नको म्हणून, हे एकदा बघ. मला तुझी त्याबाबतीत काळजी वाटते.

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (2003) मात्र सावकाश वाच. रत्नागिरीजवळचं गाव, बांबूची आयदानं विणून घर चालवणारी आई, जातीचे चटके. पुढे लग्नानंतर शिकायचं आणि लिहायचं म्हटल्यावर घरातच झालेली ओढाताण. हे वाचून नुसती हळहळू नकोस. आपल्याला काय काय आयतं मिळालं आणि ते कुणाला नाकारलं गेलं, हे मोजायला शीक. आत्मपरीक्षण म्हणजे फक्त आपली दुःखं चाचपणं नव्हे, बाई.

या तिघींनंतर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाच. महाभारतातल्या माणसांकडे त्या भक्तीने नाही, अभ्यासकाच्या नजरेने बघतात. भीष्माच्या त्यागाचं आपल्याला केवढं कौतुक! पण त्या त्यागापायी अंबेचं, गांधारीचं काय झालं, हे त्या विचारतात. आपल्या चांगुलपणाची किंमत दुसरंच कुणी मोजत नाही ना, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

आणि एक सांगते. रोज थोडीच पानं वाच, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. छान छान वाक्यं उतरवत बसू नकोस. जिथे राग येईल, जिथे पान पटकन उलटावंसं वाटेल, तिथे पेन्सिलीने खूण कर. तुझं काहीतरी तिथेच अडकलेलं असतं. महिन्याभराने त्या खुणांकडे परत जा आणि का टोचलं, ते वहीत चार ओळींत लिही. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.

चारही पुस्तकं एकदम विकत घ्यायची गरज नाही, वाचनालयात मिळतील. 'स्मृतिचित्रे' माझीच घेऊन जा. तिच्यात माझ्या खुणा आहेत, पण त्यांच्यामागे जाऊ नकोस. तुझ्या खुणा वेगळ्या जागी पडल्या, तर मला फार आनंद होईल.