बालवीरांची गोष्ट मुलांना कशी सांगावी

झेंडावंदनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात काही मुले वेगळी उठून दिसतात. अंगात एकसारखा पोशाख, गळ्यात रंगीत रुमाल. त्यांना स्काऊट म्हणतात. मराठीत आपण बालवीर म्हणतो. मुलींच्या पथकाला गाइड, म्हणजे वीरबाला. हा पोशाख आपल्या मुलांनी पाहिलेला असतो. पण ही चळवळ आली कोठून, आपल्या देशात ती कोणी रुजवली, असं विचारलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. एखादा हुशार मुलगा पाठ केलेलं एक इंग्रजी नाव सांगतो आणि खाली बसतो.

नाव आणि सन पाठ करून इतिहास कळत नाही. म्हणून आम्ही या पाठात काही खेळ देत आहोत. डोंगरकड्यासारख्या गावात, शाळेच्या पटांगणावर किंवा पारावर ते सहज घेता येतील. खर्च काही नाही. एक दोर, थोडे कागद आणि संध्याकाळचा तासभर वेळ पुरे. गुरुजींनीच ते घ्यावेत असं नाही. रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या बाया-माणसांनीही घ्यावेत.

आधी निरोप्याचा खेळ घ्या. दहा मुलं ओळीनं उभी करा. मधे वीस वीस पावलांचं अंतर ठेवा. पहिल्याच्या कानात एक निरोप सांगा. निरोप असा असावा: ‘उद्या सकाळी सात वाजता मोठ्या लिंबाखाली दोन घागरी, एक दोर आणि पाच माणसं हवीत.’ पहिल्यानं धावत जाऊन दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटच्या मुलानं तो मोठ्यानं सांगायचा. बहुधा पाच घागरी आणि दोन माणसं होतात; लिंबाचा वड होतो! मुलं पोट धरून हसतील. हसू द्या. मग तोच निरोप चिठ्ठीवर लिहून हातोहात पोचवा. तो जसाच्या तसा पोचेल. ज्यांनी नुकतीच अक्षरं गिरवली आहेत त्यांना हा खेळ फार काही सांगून जातो.

आता मुलं दमून बसली की गोष्ट सांगा. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग नावाचं एक लहान गाव होतं. १८९९ साली तिथं इंग्रज आणि बोअर यांचं युद्ध लागलं. बोअर म्हणजे तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले डच वंशाचे शेतकरी. १३ ऑक्टोबरला त्यांनी माफेकिंगला वेढा घातला. तो १७ मे १९०० रोजी उठला. २१७ दिवस गाव कोंडलेलं होतं. आत इंग्रजांचा सेनापती होता रॉबर्ट बेडन-पॉवेल. लढणारी माणसं कमी पडत होती. म्हणून गावातल्या गोऱ्या मुलांचं एक पथक उभं केलं. ही मुलं निरोप पोचवीत, टेहळणी करीत. आधी गाढवांवर बसून, पुढे सायकलींवर. मुलांवर विश्वास टाकला तर ती जबाबदारीचं काम करतात, हे बेडन-पॉवेल यांच्या मनात तिथं ठसलं.

बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथं संपते. आम्ही म्हणतो, इथं थांबू नका. त्याच गावाला लागून बरोलाँग नावाच्या काळ्या लोकांची वस्ती होती. त्यांनीही गाव राखण्यासाठी बंदुका धरल्या. पण धान्य आटू लागलं तेव्हा काळ्या माणसांच्या वाट्याला कमी आलं. आसऱ्याला आलेल्या परगावच्या काळ्या लोकांचे तर फारच हाल झाले. कित्येक जण भुकेनं मेले. हे आपल्याला कसं कळतं? त्या वेढ्यात सोल प्लाटजे नावाचा तेवीस वर्षांचा एक बरोलाँग तरुण होता. कचेरीत दुभाष्याचं काम करी. तो रोज रोजनिशी लिहीत असे. ती १९७३ साली छापून निघाली. तो लिहिणारा नसता, तर त्याच्या लोकांची बाजू आज कोणी सांगितली असती? हा प्रश्न मुलांना विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

दुसरा खेळ छावणीचा. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलांची आठवडाभराची छावणी भरवली. काही मुलं बड्या घरची, महागड्या शाळांतली होती. काही साध्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि त्यांना प्राण्यापक्ष्यांची नावं दिली. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरल म्हणून एक लांब चोचीचा पक्षी. प्रत्येक संघाची खूण म्हणून वेगळ्या रंगाची फीत. प्रत्येक संघाला मुलांतलाच एक नायक. पहाटे शिंग फुंकून सगळ्यांना उठवीत.

आपणही एक दिवसाची अशी छावणी घ्यावी. नावं आपल्या रानातली ठेवा. टिटवी, मोर, कोल्हा, खोंड. पण संघ पाडताना एक गोष्ट कटाक्षानं सांभाळा. चिठ्ठ्या टाकूनच संघ पाडायचे. गल्लीवार नाही, वस्तीवार नाही, नात्यागोत्यानं तर नाहीच. आपल्या गावांची घडण आपल्याला ठाऊक आहे. मुलांना मोकळं सोडलं तर ती आपापल्या आळीची टोळी करून बसतात, आणि मोठी माणसंही तेच बरं म्हणतात. प्रत्येक संघानं तीन दगडांची चूल मांडावी, खिचडी शिजवावी आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसून खावी. पाणी एकाच घागरीतलं. ‘आमच्या मुलाला डबा घरून देतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याला नम्रपणे नको म्हणावं. ब्राउनसी बेटावर जे झालं त्याचं मर्म या पंगतीत आहे. ती टाळून नुसते रुमाल बांधले तर उपयोग काय?

मुलींना बाजूला ठेवू नका. १९०९ साली लंडनमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला. तिथं काही मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्हालाही यात घ्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींची संघटना निघाली. आपल्या देशात मुलींचं पहिलं पथक १९११ साली जबलपूरला निघालं. छावणीत चुलीपाशी फक्त मुली आणि दोर-काठीपाशी फक्त मुलगे, असं होऊ लागलं की तिथंच थांबवून कामं बदलून द्या.

आता तिसरा खेळ. हा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि जपून घ्यायचा आहे.

आमच्या वर्गात एका आजोबांनी विचारलं होतं, ‘‘गुरुजी, हा तर साहेबाचा खेळ. आपल्या पोरांना कशापायी शिकवायचा?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या खेळात आहे.

जमिनीवर चुन्यानं मोठं रिंगण आखा. आत दोर, चेंडू, शिट्टी ठेवा. निम्मी मुलं आत घ्या, निम्मी बाहेर ठेवा. आतल्यांनी खेळायचं, बाहेरच्यांनी नुसतं पाहायचं. कारण विचारलं तर एवढंच सांगायचं, ‘तुम्हाला नाही.’ पाच मिनिटं पुरेत. मात्र बाहेर कोणाला ठेवायचं ते नीट ठरवा. जी मुलं गावात एरवीही बाहेरच राहतात, त्यांना पुन्हा बाहेर उभं करू नका. गुरुजींचा मुलगा, सरपंचांची नात, दुकानदाराचा पोरगा, यांना बाहेर ठेवा. मग रिंगण पुसून सर्वांना आत घ्या आणि बाहेरच्यांना विचारा, कसं वाटलं?

त्यानंतर सांगा, की आपल्या देशात १९०९ साली बंगलोरला पहिलं बालवीर पथक निघालं तेव्हा ते फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. हिंदी मुलांना मज्जाव होता. ही मुलं कवायत शिकली, टेहळणी शिकली, तर उद्या आपल्यावरच उलटतील, अशी धास्ती राज्यकर्त्यांना होती.

मग रिंगण कोणी पुसलं? १९१३ साली श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपूरला हिंदी मुलांचं पथक काढलं. मध्य प्रांतात हे काम विवियन बोस यांनी हाती घेतलं. ते नागपूरचे वकील. पुढे न्यायमूर्ती झाले, १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९१६ साली मद्रासेकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी वेगळी संघटना काढली. तिच्यातली मुलं डोक्याला फेटा बांधीत आणि आपल्या देशातली गाणी म्हणत. १९१८ साली अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी सेवा समितीची संघटना उभारली. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानात आले. बेझंटबाईंची संघटना त्यांच्या संघटनेत गेली, पण सेवा समिती वेगळीच राहिली. इंग्रज राजाच्या निष्ठेची शपथ त्यांना घ्यायची नव्हती. १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट संघटना निघाली. स्वातंत्र्य आल्यावर मात्र हे वेगवेगळे प्रवाह एक झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तिच्यात आली.

तेव्हा आजोबांना आमचं उत्तर असं: बी साहेबाचं, पण आपल्या मातीत ते आपल्या माणसांनी भांडून पेरलं.

इतके सन एकदम सांगून मुलांच्या ध्यानात राहत नाहीत. त्यासाठी दोराचा खेळ आहे. एक लांब दोर घ्या. एका हाताला दहा वर्षं धरा. टोकाला १९०७. बारा हात दोर झाला की आपण आजच्या दिवसाजवळ येतो. दोर अपुरा पडला तर दुसरा जोडा. जोडताना बालवीरांची पहिली गाठ शिकवा: उजवं टोक डाव्यावर, मग डावं टोक उजव्यावर. ही गाठ चपटी बसते, रुतत नाही आणि चटकन सुटते. जखमेच्या पट्टीलाही हीच मारतात. दावं सोडता सोडता ज्याचं आयुष्य गेलं असा एखादा शेतकरी बोलवा; तो आणखी चार गाठी दाखवील.

मग प्रत्येक सनाच्या जागी एकेक मुलगा किंवा मुलगी दोर धरून उभी राहील. चिठ्ठीवर सन आणि हकीकत लिहून ती दोराला बांधायची. नुसत्या बालवीरांच्या चिठ्ठ्या नकोत. आपल्या गावच्याही बांधा. १७ सप्टेंबर १९४८, निजामाचं राज्य गेलं. १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं. १ मे १९९९, परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला. मग दिसतं, की बंगलोर-मद्रासेत, नागपुरात हे चाललं होतं तेव्हा डोंगरकडा निजामाच्या मुलखात होतं, आणि पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजांचा अंमल होता. एका नदीनं दोन राज्यं होती, हे मुलांना दोरावर उभं राहिल्यावर कळतं.

आणखी एक चिठ्ठी बांधा. १० जुलै २०२४. त्या सकाळी कळमनुरी तालुक्यात भूकंपाचा धक्का बसला. २१ मार्चलाही बसला होता. मुलांना तो आठवतो, म्हणून ती उत्साहानं बोलतात. बालवीरांचं ब्रीद आहे, तयार राहा. त्या माफेकिंगच्या मुलांसारखी आपल्यातली दोन दोन मुलं निरोपाला नेमायची झाली तर कोणत्या आळीला कोण जाईल? अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणाच्या घरी आहे? ही यादी मुलांकडूनच करवून घ्या आणि ती शाळेत लावा. दर सहा महिन्यांनी ती बदलावी लागेल.

शेवटचं काम वहीचं आहे. यासाठी २२ फेब्रुवारी हा दिवस बरा. १८५७ साली याच दिवशी बेडन-पॉवेल यांचा जन्म झाला. जगभर बालवीर आणि वीरबाला तो दिवस पाळतात. निजामाच्या काळात शाळेत गेलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. जी आहेत ती नव्वदीच्या आसपास आहेत. दोन दोन मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावं. आजी-आजोबांना दमवू नये; त्यांना ऐकू येईल असं बोलावं, आणि ते जसं बोलतील तसंच लिहावं, शुद्ध करत बसू नये. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवावं. विचारायचं एवढंच:

तुमची शाळा कोणत्या गावी होती? तिथं उर्दू किती होतं, मराठी किती? कवायत होती का? गळ्यात रुमाल बांधलेली मुलं पाहिली होती का? त्यांत कोणाला घेत असत? आणि कोणाला घेत नसत?