ताम्रपटावरच्या वास्तू : जॉन टेलर आर्म्स यांची अम्लरेखने आणि वर्णनाची शिस्त

एखाद्या वास्तूचे वर्णन लिहायला सांगितले की विद्यार्थी बहुधा विशेषणांपासून सुरुवात करतात. ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘डोळ्यांचे पारणे फेडणारी’ हे शब्द येतात आणि वास्तू मात्र दिसत नाही. तेच वर्णन दुसऱ्या कोणत्याही वास्तूला लावले तरी चालते. मराठी लेखनाच्या वर्गात ही अडचण मला वारंवार भेटली. तिच्यावर उपाय शोधताना अमेरिकन मुद्राचित्रकार जॉन टेलर आर्म्स (१८८७–१९५३) यांची वास्तुचित्रे मला उपयोगी पडली. ती कशी, हे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

१. माध्यम

एचिंगला मराठीत अम्लरेखन म्हणतात. गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवतात. सुईने या थरावर चित्र काढले की तेवढ्या रेषांपुरते तांबे उघडे पडते. मग पत्रा अॅसिडमध्ये ठेवतात. अॅसिड उघड्या रेषा खाते, थराखालचा भाग शाबूत राहतो. नंतर थर काढून पत्र्यावर शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात. शाई फक्त खोल रेषांत उरते. ओलसर कागद वर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांखालून काढला की कागद ती शाई उचलून घेतो.

‘ताम्रपट’ हा शब्द आपल्याला दानपत्रांमुळे परिचित आहे. तेथे तांब्यावरचा मजकूरच वाचायचा असतो. येथे मात्र तांबे हे साधन असते. पाहायचा तो कागदावरचा ठसा.

या प्रक्रियेतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की रेषेचा गडदपणा अॅसिडमध्ये घालवलेल्या वेळेवर अवलंबून असतो. दूरच्या इमारती फिक्या हव्या असतील तर पत्रा थोड्याच वेळात बाहेर काढून त्या रेषांवर वार्निश लावायचे आणि जवळच्या भागासाठी तो पुन्हा अॅसिडमध्ये ठेवायचा. दूर काय आणि जवळ काय, हे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते. दुसरी गोष्ट अशी की ठसा नेहमी उलटा येतो. डावे उजवीकडे जाते. व्हिस्लर या चित्रकाराने १८७९–८० मध्ये व्हेनिसची चित्रे थेट पत्र्यावर काढली, त्यामुळे त्याच्या ठशांतले व्हेनिस आरशातले आहे. ज्याला वास्तू जशी आहे तशी दाखवायची, त्याला पत्र्यावर ती मुद्दाम उलटी काढावी लागते.

२. कलावंत

आर्म्स यांचा जन्म वॉशिंग्टनचा. प्रिन्स्टन येथे कायद्याचा अभ्यास सुरू करून ते पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वास्तुशास्त्राकडे वळले. न्यूयॉर्कमध्ये कॅरेर अँड हेस्टिंग्ज या नामांकित वास्तुविशारदांकडे त्यांनी काम केले. पत्नी डोरोथी यांनी भेट दिलेल्या अम्लरेखनाच्या छोट्या संचापासून या कलेची सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात नौदलात काम करून परतल्यावर त्यांनी वास्तुव्यवसाय सोडला आणि उरलेले आयुष्य मुद्राचित्रणाला दिले. पतिपत्नींनी मिळून ‘चर्चेस ऑफ फ्रान्स’ (१९२९) आणि ‘हिल टाउन्स अँड सिटीज ऑफ नॉर्दर्न इटली’ (१९३२) ही पुस्तके केली. मजकूर डोरोथी यांचा, चित्रे जॉन यांची.

त्यांची कामाची पद्धत कष्टाची होती. प्रत्यक्ष जागेवर बसून पेन्सिलीने तपशीलवार रेखाटन करायचे आणि मग कार्यशाळेत, भिंगाखाली, शिवणाच्या सुईसारख्या बारीक टोकाने ते पत्र्यावर उतरवायचे. एका पत्र्यावर शेकडो तास जात. रूआँच्या कॅथीड्रलवरील १९२७ च्या चित्राला त्यांनी ‘लेस इन स्टोन’, म्हणजे दगडातली जाळीदार वेलबुट्टी, असे नाव दिले. त्यात नक्षीचा एकेक पदर स्वतंत्र मोजता येतो.

न्यूयॉर्कही त्यांनी चितारले. १९२१ मधल्या वुलवर्थ बिल्डिंगच्या चित्राचे नाव आहे ‘अॅन अमेरिकन कॅथीड्रल’. व्यापारासाठी १९१३ मध्ये उभारलेल्या या गगनचुंबी इमारतीचा साज गॉथिक आहे. आर्म्स यांच्या लेखी मध्ययुगीन गॉथिक वास्तू म्हणजे माणसाच्या आकांक्षेचा सर्वोच्च आविष्कार होता. हे ध्यानात घेतले की या शीर्षकाचा अर्थ उलगडतो.

३. एकच शिल्प, दोन ठसे

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या मनोऱ्यांच्या सज्जावर शिंगे आणि पंख असलेली एक आकृती आहे. दोन्ही हातांत गाल धरून, जीभ बाहेर काढून ती खालच्या शहराकडे पाहते. फ्रेंच चित्रकार शार्ल मेरियों याने १८५३ मध्ये तिचे अम्लरेखन केले. ते ‘ल स्त्रीज’ नावाने प्रसिद्ध आहे. स्त्रीज म्हणजे रक्त पिणारे निशाचर भूत. सत्तर वर्षांनी, १९२३ मध्ये, आर्म्स यांनी त्याच आकृतीचे चित्र केले आणि नाव दिले ‘ल पाँसर द नोत्र दाम’, म्हणजे नोत्र दामचा विचारवंत.

शिल्प तेच, शहर तेच. पण एकाला त्यात हडळ दिसली आणि दुसऱ्याला चिंतनात बुडालेला जीव. मेरियोंच्या ठशात मनोऱ्याभोवती काळे पक्षी घिरट्या घालतात आणि शहरावर सावट आहे. आर्म्स यांच्या ठशात आकृती गडद, भरीव आहे आणि खालचे पॅरिस फिक्या, बारीक रेषांत दूर सरकलेले आहे. निरीक्षणाइतकेच नावही वर्णनाचा भाग असते, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

येथे शब्दांचीही दक्षता हवी. अशा सर्व आकृतींना सरसकट ‘गार्गॉइल’ म्हटले जाते. काटेकोरपणे गार्गॉइल म्हणजे छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारे नळमुख. आपल्या देवळांत अभिषेकाचे पाणी गोमुखातून बाहेर पडते; कामापुरते हे नाते जवळचे आहे. वरील आकृतीतून पाणी वाहत नाही. ती शोभेची, म्हणून तिला ‘किमेरा’ म्हणतात. आणखी एक. ती मध्ययुगीनही नाही. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक याच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात ती बसवली गेली. मेरियोंने पाहिली तेव्हा ती जवळजवळ नवी होती.

४. आक्षेप

आर्म्स यांच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की ही निव्वळ नक्कल आहे. एवढी मेहनत करण्यापेक्षा छायाचित्र काढावे. युरोपात चित्रकला आकार मोडून पाहत असताना हा माणूस दगड मोजत बसला, असेही म्हणता येते.

आक्षेपात तथ्य आहे. काही ठशांत प्रत्येक कोपऱ्याला सारखाच न्याय मिळतो आणि डोळ्याला विसावा मिळत नाही. पण ‘नक्कल’ हा शब्द मला मान्य नाही. कोठे उभे राहायचे, उन्हाची कोणती वेळ निवडायची, किती रेषा फिक्या ठेवायच्या, हे सारे निर्णय त्यांचे आहेत. ‘व्हेनिशियन मिरर’ (१९३५) या चित्रात कालव्याकाठचे वाडे आणि त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब दोन्ही आहेत. दगडाची रेषा आणि पाण्यातली तिची थरथर वेगळी काढायची तर आधी तो फरक दिसावा लागतो.

या नेमकेपणाला काळाचा एक संदर्भही आहे. पहिल्या महायुद्धात रँसचे कॅथीड्रल तोफांनी जळाले होते. शार्त्रच्या कॅथीड्रलवरील आर्म्स यांच्या चित्राचे नाव ‘इन मेमोरियम’, म्हणजे स्मरणार्थ, आणि वर्ष १९३९. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि शार्त्रच्या रंगीत काचा उतरवून सुरक्षित स्थळी हलवण्यात आल्या. जे उद्या राहील याची खात्री नाही, त्याची नोंद नेमकी हवी. ‘भव्य’ या शब्दावरून पडलेली भिंत पुन्हा उभी करता येत नाही.

५. वर्गासाठी

आपल्या गावांतही जुने वाडे, घाट, देवळांच्या दीपमाळा आहेत. त्यांतले काही पडत आहेत, आणि तुळई, खण, देवळी, कमान, सज्जा हे शब्दही त्यांच्याबरोबर जात आहेत. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्यांना हे नुकसान दुहेरी आहे. म्हणून पुढील अभ्यास सुचवतो.

(अ) गावातील एक वास्तू निवडा. अर्धा तास तिच्यासमोर बसून एकही विशेषण न वापरता दहा वाक्ये लिहा. मोजता येईल ते मोजा : पायऱ्या, खांब, खिडक्या.

(आ) वास्तूच्या भागांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना किंवा गवंडी-सुतारांना विचारून टिपून ठेवा.

(इ) दहापैकी कोणती तीन वाक्ये गडद ठेवायची आणि कोणती फिकी करायची, ते ठरवून परिच्छेद पुन्हा लिहा.

(ई) शेवटी शीर्षक द्या. त्याच परिच्छेदाला मित्राने दिलेले शीर्षक शेजारी ठेवा आणि दोघांना काय वेगळे दिसले, यावर चर्चा करा.

यातून सगळेच लेखक होतील असे नाही. पण ज्या वाड्यापुढून रोज शाळेत जातो त्याला किती खण आहेत, हे त्या मुलांना नक्की सांगता येईल, आणि तेही मराठीत.