उचल घेण्याआधी

२०१७ च्या दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात एका वस्तीवर मी पहिल्यांदा कॅमेरा लावला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, बाजरीची पोती, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. एक जोडपं ऊसतोडीला कारखान्यावर निघालं होतं. त्यांची तेरा वर्षांची मुलगी आजीजवळ मागं राहणार होती. माझी फिल्म त्या मुलीची आणि आजीची होती. आईबाप सहा महिने घरात नसताना शाळा कशी टिकते, एवढंच मला बघायचं होतं. दोन हंगाम मी स्वतःच्या पैशानं शूट केलं. साडेचार लाख रुपये गेले, त्यातले दोन लाख माझ्या आईची एफडी मोडून आलेले.

हे आज लिहिते आहे, कारण मराठवाड्यातून, विदर्भातून डॉक्युमेंटरी करणारी तरुण मुलंमुली विचारतात, "ताई, परदेशी को-प्रॉडक्शन कसं मिळतं?" मिळतं. मलाही मिळालं. ते मिळाल्यावर मी काय गमावलं, ते त्यांना आधी कळलेलं बरं.

२०१९ मध्ये एका प्रशिक्षण कार्यशाळेत माझी निवड झाली. चार दिवस, परदेशातून आलेले मेंटर, शेवटी निर्मात्यांसमोर पिच. तिथं मी खूप शिकले. माझा टीझर उसाच्या फडानं सुरू व्हायचा. एका मेंटरनं तो थांबवला आणि विचारलं, "मी कुणाकडे बघू?" त्या रात्री मी मुलीला पहिल्या शॉटमध्ये आणलं आणि टीझर जिवंत झाला. सात मिनिटांत फिल्म कशी सांगायची, प्रश्न आला की बचावात न जाता उत्तर कसं द्यायचं, हे तिथंच समजलं.

तिसऱ्या दिवशी गाडी वळली. त्या वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजत होत्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. बोलता बोलता मी सांगून गेले की मुलीच्या आईचंही ऑपरेशन झालंय. टेबलाभोवतीचे सगळे एकदम सरसावून बसले. "मग हीच तुझी फिल्म आहे," मेंटर म्हणाला.

त्या आईनं ऑपरेशनबद्दल माझ्याशी कॅमेरा चालू असताना बोलून घेतलं होतं आणि मग म्हणाली होती, "ताई, हे आपल्या दोघीतच ठेव. लेकीचं लगीन व्हायचंय." मी हो म्हटलं होतं. तरी पिचच्या डेकमध्ये तिच्याबद्दल एक ओळ मी लिहिली. कुणी माझा हात धरून लिहून घेतली नाही. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ त्या ओळीत आहे आणि ती चूक माझी आहे.

पिच चांगलं झालं. युरोपातल्या एका निर्मितीसंस्थेनं रस दाखवला, तिकडच्या एका वाहिनीशी बोलणी झाली. २०२० च्या फेब्रुवारीत सव्वीस पानांचा इंग्रजी करार आला आणि नवव्या दिवशी मी सही केली. वकिलाला दाखवला नाही. वकिलाची फी जास्त वाटली, आणि उशीर केला तर ते लोक निघून जातील अशी भीती होती.

करारात काय होतं ते मला नंतर उमगत गेलं. फायनल कट त्यांचा. मूळ फुटेजवर दोघांचा हक्क, पण हार्ड डिस्क त्यांच्याकडे आणि प्रत ठेवण्याबद्दल एक शब्द नाही. वाहिनीसाठी बावन्न मिनिटांची आवृत्ती आधी, लांब आवृत्ती निधी उरला तर. विक्रीच्या पैशातून आधी सेल्स एजंटचं कमिशन आणि खर्च, मग त्यांची गुंतवणूक, मग माझा वाटा. आणि बजेटमध्ये माझे दोन हंगाम, साडेचार लाख, माझी आणि साउंड करणाऱ्या मित्राची मजुरी यांची किंमत शून्य धरलेली. या एका शून्यामुळे मी सहनिर्माती असूनही पगारावर काम करणाऱ्या माणसासारखी झाले.

पहिला हप्ता आला तेव्हा आणखी एक गाठ बसली. पैशाबरोबरच्या पत्रात 'ग्रँट' असा शब्द होता. बँकेनं पैसे रोखले, ते कशासाठी आले याची कागदपत्रं मागितली. परदेशातून आलेल्या रकमेला अनुदान किंवा देणगी म्हटलं की २०१० च्या एफसीआरए कायद्याचा प्रश्न उभा राहतो. व्यवसायाच्या ओघात, सेवेच्या करारापोटी मिळालेला मोबदला तो कायदा वेगळा धरतो. आमचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं, पण पत्र पहिल्या प्रकारचं. ते बदलून आणण्यात दोन महिने गेले आणि तेवढ्यात ट्रॉल्या गावातून निघून गेल्या. हंगाम कुणाच्या हप्त्यासाठी थांबत नाही. म्हणून परदेशी पैशाचं पहिलं पत्र मसुद्यात असतानाच सीएला दाखवा, तेही परदेशी रकमेचं काम नेहमी करणाऱ्या सीएला.

मग एडिट आला. कोविडमुळे मी इथं, एडिटर तिथं, मध्ये व्हिडिओ कॉल. बावन्न मिनिटांची सगळी रचना आईच्या ऑपरेशनभोवती झाली होती. मुलगी कडेला गेली होती, आजी जवळजवळ नाहीच. मी नाही म्हटलं. त्यांनी नम्रपणे कराराचं कलम दाखवलं.

त्याच काळात मी वस्तीवर गेले आणि आईला सगळं खरं सांगितलं. पैसे आधी घेतलेत, आता ते म्हणतील तसं करावं लागतंय, असं म्हणाले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजी तुमीबी उचल घेतली म्हणा की."

उचल म्हणजे काय ते ती माझ्यापेक्षा जास्त जाणते. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम शरीर मोडून फेडावी लागते आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. माझी उचल तिच्या उचलीच्या जवळपासही जात नाही. पण तिनं मला योग्य शब्द दिला. कामाची किंमत ठरायच्या आधी पैसे हातात आले, की ती किंमत पुढे दुसराच कुणीतरी ठरवतो.

सात महिने भांडले. शेवटी आईच्या ऑपरेशनबद्दलची चार मिनिटं फिल्ममधून निघाली. बदल्यात माझ्या मानधनाचा शेवटचा हप्ता आणि भारताबाहेरच्या विक्रीतला वाटा मी सोडला. हा सौदा मी आजही पुन्हा करीन. तो करायची वेळ मात्र माझ्या घाईनं आणली होती.

परदेशी भागीदारी वाईट असते असा अर्थ कृपा करून काढू नका. पायल कपाडियांची 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' भारत-फ्रान्स सहनिर्मिती होती आणि तिला २०२१ मध्ये कानमध्ये सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या दोन कोळी मित्रांवरची सर्वनिक कौर यांची 'अगेन्स्ट द टाइड' हीसुद्धा भारत-फ्रान्स सहनिर्मिती, २०२३ मध्ये सनडान्समध्ये गौरवलेली. ती पाहताना कुणीतरी दुसऱ्यानं विषय ठरवून दिलाय असं क्षणभरही वाटत नाही. बोट, घर, बारसं, कर्ज, सगळं आतून आलेलं आहे. अशी भागीदारी हवी.

प्रशिक्षणाच्या जागाही आहेत. कोलकात्याचं डॉकएज अनेक वर्षं आशियातल्या नव्या फिल्ममेकरना पिचसाठी तयार करतं आहे. इफ्फीच्या वेळी गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजारात को-प्रॉडक्शन मार्केट असतं. बाहेर आम्सटरडॅमची इडफा, शेफील्डचं मीटमार्केट, इंडोनेशियातलं डॉक्स बाय द सी आहे. अर्ज जरूर करा. पण आत गेल्यावर मेंटरला फक्त टीझर दाखवून परत येऊ नका. त्यांना त्यांच्या स्वतःच्या जुन्या करारांबद्दल विचारा. फायनल कटवर ते कुठे अडले, वाद झाला तेव्हा कुणी मध्यस्थी केली, फिल्म अर्धवट राहिली तर हक्क कुणाकडे परत गेले. बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात, मी विचारलंच नव्हतं. शिवाय कार्यशाळेबाहेर आपल्या भाषेतला, आपला मुलूख ओळखणारा एक मेंटर हवाच. माझ्यासाठी पुण्यातल्या एक ज्येष्ठ संकलक तशा ठरल्या, पण सहीनंतर. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "अगं, आजी कुठे गेली?"

पिचला जायच्या आधी आतापर्यंतचा खर्च आणि मजुरी बाजारभावानं मांडून ठेवा आणि तो भारतीय बाजूचा हिस्सा म्हणून बजेटमध्ये घालायला लावा. वकिलाची फी त्याच बजेटमध्ये लिहा. फुटेजची पूर्ण प्रत तुमच्याकडे, भारतातले आणि मराठीतले हक्क तुमच्याकडे, दर सहा महिन्यांनी हिशेब, हे मागायला संकोच नको. त्यांचा कॅमेरामन 'टुरिस्ट व्हिसावर येतो' म्हणाला तर ठाम नकार द्या. परदेशी चमूला इथं डॉक्युमेंटरी चित्रित करायची तर भारतीय दूतावासामार्फत परवानगी लागते, आणि काही बिघडलं तर पोलीस तुमच्या आणि गावकऱ्यांच्या दारात येतात.

दुसऱ्या फिल्मच्या वेळी करार आला तेव्हा मी तो स्वतः मराठीत दोन पानांत लिहून काढला, वस्तीवर गेले आणि ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना वाचून दाखवला. काय दाखवायचं, काय नाही, पैसा कुणाचा, फिल्म कुठे दिसेल. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं. ती दोन कलमं बदलून घेतल्यावरच मी सही केली. तुमच्या हातात आज पहिला करार असेल, तर एवढं करा आणि मगच पेन उघडा.