लिंगोची कथा व रानांतील देव

सालेकसा तालुक्यांत कचारगड नांवाची मोठी गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें गोंड लोकांची यात्रा भरते. शेजारच्या प्रांतांतूनहि माणसें येतात. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांचे आप्त त्यांत असतात, म्हणून उपदेशकांस विचारणा होते कीं, झाडांत व गुहेंत राहणारी शक्ति देव झाली तरी कशी? हंसून उत्तर देणें सोपें आहे. पण तें उत्तर नव्हे.

प्राचीन समजुतीप्रमाणें झाड, डोह, डोंगर, वाघ या प्रत्येकांत कांहीं शक्ति वसते. तिला वंश नाहीं, चरित्र नाहीं. रानवाटेवर वाघोबाच्या दगडास शेंदूर लावला, कोंबडें दिलें, कीं काम झालें. तो कोणाचा पुत्र, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यानें गुरें सोडावीं, एवढेंच मागणें.

आतां लिंगोचें गीत पाहा. नागपूरचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनीं तें एका प्रधानाच्या तोंडून उतरून घेतलें होतें. ते १८६३ सालीं वारल्यावर रिचर्ड टेंपल यांनीं त्यांचे कागद १८६६ त छापले. महादेवानें गोंडांस गुहेंत कोंडून तोंडावर शिळा लोटली. चौघे निसटले. फुलांतून जन्मलेल्या लिंगोनें त्यांस शेती शिकविली. त्यांनींच त्याला मारिलें, तो पुन्हा उठला, आणि त्यानें कोंडलेल्यांस सोडविलें. पुढें नदीच्या पुरांत सुसरीनें दगा दिला व कांसवानें तारिलें, म्हणून कांसवास न दुखविण्याची शपथ झाली. मग लिंगोनें गोत्रें वांटलीं व देवपूजा लावून दिली.

ती गुहा म्हणजेच कचारगड, असें यात्रेकरू मानितात. भयाची जागा अशी सुटकेची जागा झाली. पाण्यांतला जीव शपथेनें बांधलेला सोयरा झाला. ऐनाचें झाड, ज्यास साजा म्हणतात, तें पेरसा पेनाचें, म्हणजे थोरल्या देवाचें, ठाणें झालें. आणि चार, पांच, सहा, सात देवांच्या गोत्रांवरून सोयरीक ठरूं लागली. नुसत्या शक्तीस भ्यावें लागतें. कथेंतल्या देवाचें ऋण फेडावें लागतें, आज्ञा पाळावी लागते. आमच्या मतें खरें अंतर हेंच. (गीतांतला महादेव मागाहून आला असावा, आजचे कांहीं गोंड अभ्यासक त्या जागीं शंभू शेक हें नांव घेतात.)

असें केवळ रानांतच घडलें नाहीं. ऋग्वेदांतील द्यौस् म्हणजे आकाश. त्यास पिता म्हटलें, पण त्याच्या कथा फारशा झाल्या नाहींत, व तो मागें पडला. तेंच नांव ग्रीकांत झ्यूस झालें. कवींनीं त्यास आईबाप, भाऊ, बायका व भांडणें दिलीं आणि तो देवांचा राजा झाला. लुस्त्रांत लोक बर्णबास झ्यूस म्हणूं लागले, बैल व माळा घेऊन धांवले, तें या कथांच्या बळावर (प्रे. कृ. १४). पौलानें त्या गोष्टींस निरर्थक म्हटलें खरें, पण लागलाच तो आकाशांतला पाऊस व शेतांतलें पीक यांजकडे वळला, जेथून त्या लोकांची भक्ति मुळांत निघाली होती.

माघांत जे उपदेशक सालेकशाकडे जातील त्यांनीं वाद घालण्यापूर्वीं किंगरीवाल्या प्रधानापाशीं बसून गीत शेवटपर्यंत ऐकावें. तें लांब असतें, जेवून जावें.